कारखान्याला अणूची वाफ: अवघड जागा कुठे आहे?

मागच्या अंकात कारखान्यांतल्या वाफेवर लिहिताना शेवटी एक वाक्य टाकलं होतं. कोळसा सोडायचा तर नुसती वीज बदलून भागणार नाही, उष्णताही बदलावी लागेल, आणि तेव्हा अणुभट्टीचं नाव घ्यावंच लागेल. त्या एका वाक्यावर पत्रांचा गठ्ठा आला. बाकी लेख बहुतेकांनी बाजूला ठेवला, पण पत्रं इतकी मनापासून लिहिलेली आहेत की या वेळचं सदर मी त्यांनाच दिलं आहे.

मी अणुशास्त्रज्ञ नाही. रासायनिक कारखान्याच्या युटिलिटी विभागात 29 वर्षं काढली. बॉयलर, पाणी, वाफ, कॉम्प्रेसरची हवा, हाच माझा संसार. त्यामुळे अणुभट्टीच्या आतलं सांगते ते अभ्यासून, आणि तिथून बाहेर निघालेल्या पाइपाचं सांगते ते हात भाजून शिकलेलं.

आमच्या कापड रंगवायच्या प्रोसेस हाऊसला सहा टनी बॉयलर आहे. कोळशाचा दर आणि धुराच्या नोटिसा यांनी जीव मेटाकुटीला आलाय. आता लहान अणुभट्ट्या येणार असं वाचतो. तशी एखादी आमच्या आवारात बसेल का?
– एक प्रोसेसर, इचलकरंजी

तुमच्या एकट्याच्या आवारात बसणार नाही. इथे ‘लहान’ या शब्दाने फसगत होते. सरकार ज्याला ‘भारत स्मॉल रिअॅक्टर’ म्हणतं तो 220 मेगावॉटचा आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललेली, जड पाण्यावरची (ज्यातला हायड्रोजन नेहमीपेक्षा जड असतो) तीच भट्टी. 220 हा विजेचा आकडा झाला. भट्टीत उष्णता तयार होते सुमारे 756 मेगावॉट. वाफेत हिशेब केला तर ताशी 1300 टनांच्या आसपास. म्हणजे ताशी सहा टन वाफ देणारे तुमच्यासारखे दोनशेहून जास्त बॉयलर एका ठिकाणी. भाभा अणुसंशोधन केंद्र 55 मेगावॉटच्या आराखड्यावरही काम करत आहे, पण तोसुद्धा एका प्रोसेस हाऊसच्या मानाने डोंगराएवढा.

याहून छोटी का नको, असं तुम्ही विचाराल. भट्टी निम्मी केली म्हणून संरक्षक भिंत निम्मी होत नाही. पहारा, परवाना, प्रशिक्षित माणसांच्या शिफ्टा, थंड करायच्या दुहेरी-तिहेरी यंत्रणा, हे सगळं जवळजवळ तेवढंच राहतं. म्हणून अणूची वाफ इचलकरंजीत आलीच, तर नगरपालिकेच्या पाण्यासारखी गावभर फिरवलेल्या पाइपातून येईल आणि तुम्ही मीटर लावून ती घ्याल.

तुमच्या जेट मशीनला 130 अंश पुरतात, तेवढं ती वाफ सहज देईल. स्टेंटरचं, म्हणजे कापड ताणून वाळवणाऱ्या यंत्राचं, मात्र अडेल. त्याला थर्मोपॅकमध्ये (तेल तापवणाऱ्या हीटरमध्ये) तापवलेलं तेल 250 अंशांच्या वर लागतं. त्यामुळे तो जाळ तुमच्याकडे राहीलच, किंवा विजेवर न्यावा लागेल.

आमच्या कारखान्याच्या सहवीज प्रकल्पात 87 किलो दाबाचा, 515 अंशांचा बॉयलर आहे, तोही उसाच्या चिपाडावर. अणुवीज केंद्राची वाफ फक्त 40 किलो आणि 250 अंश असते असं वाचलं आणि विश्वासच बसेना. एवढं मोठं तंत्र आणि वाफ आमच्याहून हलकी?
– साखर कारखान्यातील बॉयलर अटेंडंट, कोल्हापूर जिल्हा

तुम्ही वाचलं ते खरं आहे. आलेल्या सगळ्या पत्रांत हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण अणूची उष्णता उद्योगाला देताना पहिली अडचण इथूनच सुरू होते.

तुमच्या बॉयलरमध्ये ज्वाला हजार अंशांच्या वर असते आणि पाणी नळीच्या आत. वाफ झाली की ती सुपरहीटरच्या नळ्यांतून पुन्हा त्या गरम वायूतून फिरवता, आणि 515 अंश मिळतात. नळी फुटलीच तर बॉयलर बंद करता, नळी प्लग करता, चार दिवसांनी पुन्हा सुरू.

आपल्या 220 मेगावॉटच्या भट्टीत 306 आडव्या नळ्या असतात. प्रत्येकीत युरेनियमचे गठ्ठे एकामागोमाग बसवलेले, आणि त्यांच्यावरून जड पाणी जोरात वाहतं. ते पाणी उकळून चालत नाही, कारण त्यानेच इंधनाची उष्णता उचलायची असते. म्हणून त्याच्यावर सुमारे 87 किलो दाब ठेवतात. तुमच्या बॉयलरएवढाच दाब, पण वाफ करण्यासाठी नव्हे, वाफ होऊ नये म्हणून. इतक्या दाबाखाली ते 293 अंशांच्या आसपास तापवता येतं. मग ते स्टीम जनरेटरच्या बारीक नळ्यांतून जातं आणि बाहेरच्या साध्या पाण्याची वाफ करतं. या अदलाबदलीत थोडे अंश सोडावेच लागतात. उरतात 250. सुपरहीट नाहीच, कारण तिथे तापवायला वेगळी ज्वाला नाही.

मग दाब वाढवावा, तापमान वाढवावं, असं वाटतं. परदेशातल्या साध्या पाण्याच्या भट्ट्या 155 बारपर्यंत (एक बार म्हणजे जवळजवळ एक किलो दाब) जातात, तरी पाणी 330 अंशांच्या आतच राहतं. पुढे पाण्याची स्वतःची हद्द येते. 374 अंशांनंतर त्याला कितीही दाबलं तरी ते द्रव म्हणून राहत नाही. आणि इंधनाभोवतीचं आवरण झिर्कोनियमच्या मिश्रधातूचं असतं. हा धातू न्यूट्रॉन फारसे खात नाही म्हणून निवडलेला, पण फार तापला की वाफेशीच झटापट करतो आणि हायड्रोजन सोडतो. फुकुशिमात इमारतींची छपरं उडाली ती याच हायड्रोजनमुळे.

हलक्या वाफेचा भुर्दंड टर्बाइनला बसतो. वाफ ओली, तिच्यातले पाण्याचे थेंब शेवटच्या पात्यांना खरवडत जातात. म्हणून मधे ओलावा काढायची आणि पुन्हा तापवायची यंत्रं बसवावी लागतात. एवढं करून 756 मेगावॉटमधले 220 हाती येतात, म्हणजे 29 टक्के. उरलेली उष्णता समुद्रात, तलावात नाहीतर कूलिंग टॉवरमधून आकाशात जाते. ती ‘वाया जाणारी’ उष्णता कारखान्यांना का देत नाहीत, असं अनेकांनी विचारलं आहे. टर्बाइनमधून निघालेल्या वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरमधलं पाणी जेमतेम चाळीस अंशांचं असतं. तेवढ्याने कापड रंगत नाही आणि साखरेचा पाकही आटत नाही. कामाची उष्णता हवी असेल तर टर्बाइनच्या आधी किंवा मधून वाफ काढावी लागते, आणि काढली की तेवढी वीज गमावली. तुमच्या सहवीज प्रकल्पातही हेच गणित रोज मांडलं जातं.

515 अंशांची बरोबरी करायची तर पाणी सोडावं लागतं. चीनच्या शानतुंग प्रांतात शितावान इथे हेलियम वायूने थंड होणारी भट्टी डिसेंबर 2023 पासून व्यापारी तत्त्वावर चालते. तिच्यात इंधन 6 सेंटिमीटरच्या गोळ्यांत असतं, क्रिकेटच्या चेंडूहून थोडे लहान गोळे. हेलियम 750 अंशांना बाहेर पडतो आणि वाफ 567 अंशांची मिळते. आता तुमच्या बॉयलरला जोडीदार मिळाला. पण तिची उष्णता-शक्ती 250 मेगावॉट, अशा दोन भट्ट्या जोडून 210 मेगावॉटचं एक टर्बाइन फिरतं. हेलियम इतका सटकणारा वायू की फ्लँजच्या जोडातून हवा निसटणार नाही, तिथून तो निसटतो. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये फोर्ट सेंट व्रेनची हेलियम भट्टी 1989 मध्ये कायमची बंद झाली. तिला सर्वांत जास्त छळलं ते हेलियम फिरवणाऱ्या यंत्रांच्या बेअरिंगनी. त्यांना वंगण म्हणून पाणी दिलेलं होतं, आणि ते पाणी पुन्हा पुन्हा भट्टीत झिरपलं. अणूच्या भौतिकशास्त्राने ती भट्टी थांबली नाही. तिला बेअरिंगने हरवलं. पंपावर काम केलेल्या माणसाला हे ऐकून वाईट वाटतं, आणि नवलही वाटत नाही.

ताई, मी चिंचणीचा. लहानपणापासून तारापूरचं केंद्र पाहतोय. शेजारीच बोईसरची एमआयडीसी, तिथे शेकडो बॉयलर कोळसा, लाकूड, तेल जाळतात. मधे काही किलोमीटरचंच अंतर. मग पन्नास वर्षांत एक पाइप का टाकला नाही?
– एक वाचक, चिंचणी

दादा, हा प्रश्न मीही बोईसर स्टेशनात गाडीची वाट बघताना स्वतःला कितीदा विचारला आहे. याला जरा सविस्तर उत्तर देते.

अंतराची अडचण आज राहिलेली नाही. चीनमध्ये तिएनवानच्या अणुवीज केंद्रातून जून 2024 पासून लिएनयुनकांगच्या पेट्रोकेमिकल वसाहतीला वाफ जाते. पाइप 23 किलोमीटरहून लांब, वाफ वर्षाला 48 लाख टन. स्वित्झर्लंडमधलं ग्योसगेनचं केंद्र तर 1979 पासून शेजारच्या पुठ्ठ्याच्या कारखान्याला वाफ देत आलं आहे. आपल्याकडेही राजस्थानात रावतभाट्याला जड पाण्याचा कारखाना शेजारच्या अणुवीज केंद्राची वाफ आणि वीज घेऊन चालावा अशाच रचनेचा बांधला होता. म्हणजे हे होऊ शकतं. पण करताना काय काय सांभाळावं लागतं ते बघा.

आधी पाइप. लोखंडी पाइप थंड असताना 30 अंशांना जोडला आणि आत 250 अंशांची वाफ सोडली, तर प्रत्येक किलोमीटरमागे तो अडीच मीटरांहून जास्त लांब होतो. त्याला वाढायला जागा दिली नाही तर तो आधार उखडतो. म्हणून ठरावीक अंतरावर उलट्या ‘यू’च्या आकाराचे एक्स्पान्शन लूप द्यावे लागतात. रस्ता, खाडी, रेल्वे, वस्ती, जिथून पाइप जाईल तिथे या लूपची जागाही मिळाली पाहिजे.

आणि पाइपात जमणारं पाणी! आमच्या कारखान्यात बॉयलर हाऊसपासून ड्रायरपर्यंत सहाशे मीटरची वाफेची लाइन होती. पावसाळ्यात लॅगिंगचा, म्हणजे उष्णता राखणाऱ्या आवरणाचा, पत्रा एका ठिकाणी उचकटला, आतली लोकर भिजली, आणि तिथे वाफेचं पाणी व्हायला लागलं. त्याच टप्प्यातला स्टीम ट्रॅप, म्हणजे पाणी बाहेर सोडून वाफ अडवणारा व्हॉल्व्ह, चोंदलेला होता. दुसऱ्या पाळीत मी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून सगळे ट्रॅप ऐकले होते. तो एक पाण्यात उभा होता म्हणून सोडला. रात्री अडीचला ड्रायर सुरू करायला ऑपरेटरने व्हॉल्व्ह जरा भरकन उघडला. पाइपात साठलेलं पाणी वाफेने उचललं आणि बंदुकीच्या गोळीसारखं बेंडवर आपटलं. असा आवाज मी आयुष्यात दोनदाच ऐकला आहे. रॅक हलला, फ्लँजचं गॅस्केट उडालं, आणि खाली उभ्या हेल्परचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तो सोडलेला एक ट्रॅप अजून माझ्या मनातून जात नाही. हे सगळं सहाशे मीटरमध्ये. अणुकेंद्राची वाफ आधीच सुपरहीट नसलेली, म्हणजे थंडावा मिळताच पाणी सोडणारी. तिला किलोमीटरच्या किलोमीटर न्यायचं म्हणजे शेकडो ट्रॅप आणि तेवढेच कान.

तरीही पाइप हे कष्टाचं काम आहे, आम्हा लोकांना येणारं. खरी कसोटी त्याच्या आधीच्या जोडावर आहे. भट्टीचं पाणी आणि गावातली वाफ यांच्यामध्ये किती भिंती असाव्यात?

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 च्या. त्यांच्यात पाणी भट्टीच्या आतच उकळतं आणि तीच वाफ टर्बाइनला जाते. त्या मूळच्या 210 मेगावॉटच्या. भट्टीच्या पाण्याच्या उष्णतेवर आणखी वाफ करणारे दुय्यम स्टीम जनरेटरही त्यांना होते. त्यांच्या नळ्या गळू लागल्या, ते वापरातून काढावे लागले, आणि भट्ट्या 160 मेगावॉटवर आल्या. म्हणजे नळी गळते हा अनुभव तुमच्या गावाशेजारचाच आहे. तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीत जड पाणी आतल्या आत फिरतं आणि वाफ वेगळ्या, साध्या पाण्याची होते. तरी ती वाफ थेट बाहेर देत नाहीत. जड पाण्यात कालांतराने ट्रिशियम साठतो. तो हायड्रोजनचाच किरणोत्सारी भाऊ. पाण्यात पाणी होऊन राहतो, गाळता येत नाही, आणि तापलेल्या धातूतूनसुद्धा हळूहळू पाझरतो. म्हणून मधे आणखी एक उष्णता-विनिमयक घालतात. केंद्राची वाफ एका बाजूने, गावाचं शुद्ध केलेलं पाणी दुसऱ्या बाजूने. त्या तिसऱ्या फेऱ्यातली वाफच कारखान्याला द्यायची.

इथे एक पेच आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. गळती झालीच तर ती गावाकडून केंद्राकडे व्हावी, उलटी होऊ नये, असं प्रत्येकाला वाटणार. त्यासाठी गावाच्या बाजूचा दाब जास्त हवा. कल्पाक्कमला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प अणुवीज केंद्राच्या वाफेवर चालतो. तिथे खारं पाणी तापवताना दाबाखाली ठेवतात आणि उकळवतात पुढे जाऊन, त्यामुळे खाऱ्या पाण्याचा दाब वाफेहून वर ठेवता येतो. नळी गळली तर खारं पाणी आत येईल, आतलं बाहेर जाणार नाही. घरं तापवायला गरम पाणी पाठवतात तिथेही हे साधतं. पण कारखान्याला पाणी नको, वाफ हवी. 40 किलोच्या वाफेने पलीकडचं पाणी उकळवायचं तर पलीकडचा दाब 40 च्या खालीच ठेवावा लागतो, नाहीतर ते उकळणारच नाही. म्हणजे निसर्गाचा हा नियम नेमका आपल्या विरुद्ध जातो. मग एकतर मधे दाबाखालच्या गरम पाण्याचा आणखी एक फेरा घाला आणि आणखी वीस-तीस अंश गमवा, नाहीतर अहोरात्र मोजणी करा आणि शंका येताच लाइन तोडणारे व्हॉल्व्ह बसवा. बोईसरला औषधं बनतात. औषध कारखान्याचा खरेदीदार त्या मोजणीचे कागद मागेल, आणि त्याने मागितलेच पाहिजेत.

आणखी एक गोष्ट तुमच्या भागाला लागू आहे. धोका दोन्ही दिशांनी असतो. एमआयडीसीत सॉल्व्हंट, क्लोरीन, अमोनिया. तिथे आग किंवा वायुगळती झाली तर तिची झळ अणुकेंद्राच्या नियंत्रण कक्षातल्या माणसाला लागता कामा नये. रावतभाट्याच्या जड पाण्याच्या कारखान्यात हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायू टनांनी वापरला जाई. शेजार आखताना त्याचाही विचार करावा लागला. वाफ घ्यायची तर कारखाना जवळ हवा, सुरक्षिततेसाठी तो लांब हवा. तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, त्यांनी या अंतराची किंमत मोजली आहे. पुढे कुणी बोईसरला वाफ द्यायची योजना आणली तर पहिला हक्क त्या घरांचा आहे असं मी मानते.

प्रोजेक्टसाठी मी ‘अणुभट्टीवर कॅप्टिव्ह पॉवर’ (कारखान्याची स्वतःपुरती वीज) हा विषय घेतलाय. सर म्हणतात, भट्टीला भार कमी-जास्त केलेला चालत नाही. का चालत नाही? कंट्रोल रॉड तर आहेत ना?
– इंजिनीअरिंगची विद्यार्थिनी, सांगली

रॉड आहेत, पण भट्टीला तिची स्वतःची आठवण असते. युरेनियम फुटताना आयोडीन-135 तयार होतं. त्याचं 6.6 तासांच्या अर्धायुष्याने (दर 6.6 तासांनी उरलेल्यातलं निम्मं) झेनॉन-135 होतं. हे झेनॉन न्यूट्रॉन अधाशासारखं खातं. भट्टी पूर्ण जोरात असते तेव्हा न्यूट्रॉनच झेनॉनला संपवत राहतात आणि तोल राहतो. तू भार एकदम कमी केलास की न्यूट्रॉन कमी होतात, पण आधीचं आयोडीन मागून झेनॉन बनवतच राहतं. काही तास झेनॉन साठत जातं. आपल्या जड पाण्याच्या भट्टीत साधं युरेनियम असतं आणि चालू भट्टीतच रोज थोडं इंधन बदलतात, त्यामुळे हातात राखीव जोर फार ठेवलेला नसतो. ती ट्रिप झाली, म्हणजे अचानक बंद पडली, तर साधारण अर्ध्या तासात परत वर काढावी लागते. ती वेळ चुकली की दीड दिवसाच्या आसपास थांबायचं, झेनॉन आपोआप विरेपर्यंत.

आता हे एखाद्या कारखान्याला लावून बघ. स्टीलची आर्क भट्टी सेकंदात दहा-दहा मेगावॉट मागते आणि सोडते. अॅल्युमिनियमचे पॉट उलट, भार एकसारखा, अणुभट्टीला अगदी साजेसा. पण वीज चार-पाच तास गेली तर धातू पॉटमध्येच गोठतो. एकाच भट्टीवर दीड दिवसाचा खंड त्यांना परवडणारच नाही. म्हणून ‘कॅप्टिव्ह’ म्हटलं तरी ग्रिड सुटत नाही. फ्रान्समध्ये अणुभट्ट्या भार कमी-जास्त करतात हे सर सांगतील. ते खरं आहे, पण तिथलं इंधन समृद्ध केलेलं आहे, रॉड त्यासाठी वेगळे आखलेले आहेत आणि मागे पन्नासहून जास्त भट्ट्यांचा ताफा आहे. तुझ्या प्रोजेक्टमध्ये एक तक्ता जरूर घाल: भट्टी ट्रिप झाल्यावर पहिलं मिनिट, पहिला अर्धा तास, पहिले दोन दिवस, आणि प्रत्येक वेळी कारखाना कशावर चालेल. न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशनने 31 डिसेंबर 2024 ला उद्योगांकडून 220 मेगावॉटच्या भट्ट्यांसाठी प्रस्ताव मागवले. ते देणाऱ्या प्रत्येक कंपनीला हाच तक्ता आधी भरावा लागेल.

आमच्या सिमेंट कारखान्याला उपयोग होईल का?
– चंद्रपूर जिल्हा

भट्टीच्या विजेचा होईल, उष्णतेचा नाही. क्लिंकर, म्हणजे दळण्याआधीचे सिमेंटचे खडे, भाजायला 1450 अंश लागतात. जपानने ओआराईच्या प्रायोगिक हेलियम भट्टीत 2004 मध्ये 950 अंश गाठले, आणि तेही 30 मेगावॉटवर.

इथे मिडलँड नावाचं गाव आहे. तिथल्या गॅसच्या वीज केंद्राबद्दल सहकारी म्हणतात की ते मुळात अणुकेंद्र होणार होतं आणि डाऊ केमिकलला वाफ देणार होतं. हे खरं का?
– मिशिगन, अमेरिका

अगदी खरं. कारखान्यासाठी अणुभट्टी बांधायचा तो अमेरिकेतला सर्वांत मोठा प्रयत्न. दोन भट्ट्या, वीज गावाला आणि वाफ नदीपलीकडच्या डाऊच्या कारखान्याला. 1978 मध्ये लक्षात आलं की आपत्कालीन डिझेल जनरेटरची इमारत खचते आहे. तिच्याखालचा भराव नीट दाबलेला नव्हता. मग इतर इमारतींच्या पायाची शंका, तपासणी, दुरुस्ती, वर्षामागून वर्ष. डाऊने कंटाळून हात काढून घेतला. 1984 मध्ये काम थांबलं तेव्हा चारेक अब्ज डॉलर खर्च झाले होते आणि बहुतेक बांधकाम उभं होतं. 1990 पासून त्याच टर्बाइन हॉलच्या आधाराने गॅसवर वीज आणि वाफ सुरू झाली.

मला यात सर्वांत जास्त खुपतं ते हे की भट्टीत काही चुकलं नव्हतं. मातीवर रोलर पुरेसा फिरला नव्हता. आमच्याकडेही नवा बॉयलर बसवताना सगळे ड्रमकडे आणि ब्रँडकडे बघायचे, पायाचा खड्डा बघायला फक्त आमचा सिव्हिलचा सुपरवायझर पावसात उभा असायचा.

डाऊने हा विषय सोडलेला नाही. टेक्सासमध्ये सीड्रिफ्टला एक्स-एनर्जी कंपनीच्या चार हेलियम भट्ट्यांची योजना आहे, प्रत्येकी 200 मेगावॉट उष्णतेची. एक मोठी न घेता चार लहान घेतल्या, म्हणजे एक बंद असताना कारखाना तिघींवर तग धरेल. मिडलँडहून हा विचार मला कितीतरी पक्व वाटतो.

बॉयलर बंद केला की बंद होतो. अणुभट्टीचं तसं का नाही? कारखान्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय?
– निवृत्त शिक्षक, पुणे

सर, चिपाड संपलं की ज्वाला विझते. अणुभट्टीत फुटणं थांबलं तरी फुटलेल्या तुकड्यांची उष्णता येतच राहते. थांबवल्या क्षणी पूर्ण शक्तीच्या सहा टक्क्यांच्या वर, तासाभराने सव्वा-दीड टक्का, दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या जवळ. 756 मेगावॉटच्या भट्टीत तासानंतरची उष्णता सुमारे 10 मेगावॉट. इचलकरंजीच्या पत्रातला सहा टनी बॉयलर आठवा. तसे दोनाहून जास्त बॉयलर, आणि त्यांना बंद करायचं बटणच नाही. ती उष्णता उचलायला पाणी फिरत राहिलं पाहिजे, केंद्राची वीज गेली तरी.

उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याला 31 मार्च 1993 च्या पहाटे हीच वेळ आली. टर्बाइनची पाती तुटली, धक्क्याने जनरेटरच्या सीलमधून हायड्रोजन सुटला आणि आग लागली. आग केबलींच्या वाटेने पसरली, कारण मुख्य आणि राखीव केबली पुरेशा वेगळ्या नेलेल्या नव्हत्या. सतरा तास केंद्र पूर्ण अंधारात. नियंत्रण कक्षात धूर भरला. भट्टी लगेच थांबवली होती, पण ती पुन्हा जागी होऊ नये म्हणून माणसं बॅटऱ्यांच्या उजेडात वर चढली आणि न्यूट्रॉन शोषणारं बोरॉनचं द्रावण सोडायचे व्हॉल्व्ह हाताने उघडले. आणि स्टीम जनरेटरमध्ये पाणी कुठलं घातलं? आग विझवायच्या पंपांचं. ते पंप डिझेलवर होते, विजेवर अवलंबून नव्हते, म्हणून चालले. किरणोत्सार बाहेर गेला नाही. त्या रात्रीच्या पाळीतल्या लोकांबद्दल मला अतिशय आदर आहे.

कारखान्याच्या दृष्टीने अर्थ असा. वाफ घेणारा कारखाना केंद्राच्या टर्बाइनला, पाण्याला, केबलींच्या खंदकाला कुठे कुठे जोडला जाणार हे कागदावर एकेक करून तपासावं लागेल. कारखान्यातला बिघाड भट्टीची ही शेवटची पाण्याची वाट कधीही अडवू शकता कामा नये. तिचे पंप, तिचं पाणी, तिचं डिझेल, सगळं वेगळं.

आमच्या कारखान्यात डिझेल फायर पंप दर शनिवारी दहा वाजता दहा मिनिटं चालवायचा नियम होता. एकदा उत्पादनाची घाई म्हणून सलग तीन शनिवार तो चालवला गेला नाही, आणि चौथ्या शनिवारी सुरूच होईना. बॅटरी उतरली होती. तेव्हापासून त्याच्या रजिस्टरवर दर शनिवारी मी स्वतः सही करत आले, निवृत्तीच्या आठवड्यापर्यंत.